पांगाऱ्याची माणसं

सुसाना बापाची झोपडी आवरून डोंगरावरून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर बांबूची टोपली होती आणि टोपलीवर जुन्या लुगड्याचं फडकं करकचून बांधलेलं होतं. रायसिंग पंच ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. भावजय समोरून गेली, तिनं रीतीप्रमाणे पदर ओढला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. टोपली आत टेकली. आतून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला.

रायसिंगचा विळा थांबला.

सुसाना त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ तापानं गेला होता आणि ती त्याच घराच्या अर्ध्या भागात एकटी राहत होती. मधे फक्त कुडाची भिंत. दिवसा ती चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून जायची. तिचा बाप नारसिंग मात्र शेवटपर्यंत डोंगरात जुन्या देवांपाशीच राहिला आणि नुकताच वारला होता. आता त्याच्या झोपडीतून लाकूड घरात येतं म्हणजे काय येतं, हे रायसिंगला कुणी सांगायला नको होतं. त्यानं स्वतः बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी बापाचे लाकडी देव खांद्यावरून नेऊन रंगावली नदीच्या डोहात सोडले होते. देव बुडाले नाहीत, तरंगत गेले. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

विचारावं तर सरळ विचारता येत नव्हतं. थोरला दीर, म्हणजे जेठ, आणि भावजय एकमेकांशी बोलत नसत. ख्रिस्ती मंडळीत आल्यावर काहींची नावं बदलली, दारू सुटली, पण ही रीत काही सुटली नव्हती. काही सांगायचं असेल तर मधे मंगळीबाई, रायसिंगची बायको.

"विचार तिला, काय आणलंय?"

मंगळीबाई जाऊन आली. "बापाचं सामान म्हणते."

"कसलं?"

"आता मी काय तिच्या टोपलीत हात घालू?"

"घालायचा होता."

"तुम्हीच घाला," मंगळीबाई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

तो विषय तिथंच विझला असता, पण दोधू मास्तरनं फुंकर घातली. दोधू मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचा. मूळचा कोरीटचा, सपाटीवरचा. डोंगरात इतकी वर्षं काढली तरी त्याच्या तोंडातली अहिराणी गेली नव्हती. गावात कुणाच्या घरी काय शिजतं हे त्याला ते शिजायच्या आधी कळायचं.

"पंच, मी काय बोलस का?" अशी सुरुवात झाली की समोरच्यानं खाली बसून घ्यावं. "तुन्ही भावजय सांजले नदीवर बसेल व्हती. हातमा लाकूडनं मुंडकं. आन् त्याले डोया काढी ऱ्हायनी व्हती. मी मन्हा डोयाघाई दखं."

"डोळे?"

"हा, डोया. काजयना. मले काय, मी कोनले सांगाव नही. पन कापनीना सण जवळ येल शे. पाळकसाहेबले समजनं तं काय सांगशीन?"

डोळ्यांचं रायसिंगला ठाऊक होतं. त्याच्या बापाच्या वेळी नवा देव कोरला तरी डोळे काढेपर्यंत ते नुसतं लाकूड असायचं. पोरंसुद्धा त्याच्यावर बसायची. पण एकदा डोळे काढले की मग त्याला कुणी ओलांडत नसे.

त्या दिवसापासून पंचाचं कशात लक्ष लागेना. भात कापायला आलं होतं, मजूर खोळंबले होते, आणि हा गृहस्थ मुंडासं बांधून, छत्री काखेत मारून दवाखान्याच्या वाटेवर या झाडाआडून त्या झाडाआड. सुसाना घरी यायची ती कधी पांगाऱ्याचा ओंडका घेऊन, कधी अंबाडीच्या सुताची लडी घेऊन. एकदा तिच्या पदरात दवाखान्यातल्या धुतलेल्या पट्ट्यांचे तुकडे दिसले. लाकूड, सूत, पांढरं कापड. यातून काय होतं? रायसिंगनं मनाशी बरंच काही जुळवलं आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वाईट जुळलं.

एकदा दिवे लागायच्या सुमाराला कुडापलीकडून आवाज आला. सुसानाचा नव्हे. जाड, घोगरा, पुरुषाचा.

रायसिंग ताडकन उठला. "तिच्याकडं कोण आलंय?"

"कुणी नाही," मंगळीबाई म्हणाली. ती भाकरी थापत होती.

"बाप्या बोलतोय!"

"मला तर ऐकू नाही आलं."

त्याला वाटलं, हिला ऐकू आलंय. हिला सगळं माहीत आहे. तो मोठ्यानं खाकरला, जोडे आपटले, अंगणात गेला. पलीकडं सुसाना एकटी दारात उभी राहून केर काढत होती. त्याला बघून तिनं पदर ओढला. पदराआड तिचे खांदे हलल्यासारखे वाटले. रडते की हसते, काही उमगेना.

मग मडमचं प्रकरण झालं. त्या हिवाळ्यात दवाखान्यात परदेशातून एक मडम पाहुणी आली होती. थोडं मराठी बोलायची, तेही पुस्तकातलं. तिच्याजवळ एक काळी पेटी होती. तिला चावी दिली की ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुं घुं करायची आणि समोरच्या माणसांचा सिनेमा काढायची. रविवारी उपासना सुटल्यावर रायसिंगनं पाहिलं, सुसाना मडमपाशी उभी आहे, हातवारे करून काही सांगते आहे, आणि मडम मान डोलावते आहे. डोंगराकडं बोट झालं. पेटीकडं बोट झालं. रायसिंग जवळ गेला तशी सुसाना गप्प झाली.

सिनेमा त्याला अगदी अनोळखी नव्हता. नवापूरला जत्रेत तंबूतला सिनेमा त्यानं पाहिला होता आणि पडद्यावरचे घोडे अंगावर आले तेव्हा तो बाकावरून उठून बाहेर आला होता. पण त्याची खरी भीती घोड्यांची नव्हती. पूर्वी एकदा एका साहेबानं त्याच्या गावातल्या माणसांचा फोटो काढून नेला होता. पुढं तो छापून आला. रायसिंगनं तो पाहिला होता. त्यात त्याची आई होती, उघड्या डोक्याची, डोळे किलकिले केलेली. खाली परक्या भाषेत एक ओळ होती. ती ओळ काय सांगते, हे त्यानं दोघातिघांना विचारलं. कुणी सांगितलं नाही, नुसते हसले.

तेव्हा आता हे असं होतं: भावजय बापाचे देव काढणार, मडम त्यांचा सिनेमा काढणार, आणि समुद्रापलीकडं लोक म्हणणार, बघा, पाण्यात बुडवून काढलं तरी हे लाकूडच पूजतात.

दुसऱ्या दिवशी सुसाना कामाला गेल्यावर त्यानं तिच्या भागाचं दार ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. टोपली कोपऱ्यात होती. फडकं सोडताना बोटं अडखळली. आत एक मिशाळ राजा, नथ घातलेली बाई, घोड्याचं मुंडकं. जुने, रंग उडालेले, डोळे तेवढे काजळानं ताजे काढलेले, प्रत्येकाच्या डोक्यातून नि मनगटातून काळी दोरी निघालेली. त्यांच्याखाली नव्या पांगाऱ्याचं एक डोकं होतं. त्याला पांढऱ्या पट्टीचं मुंडासं बांधलेलं होतं, चेहरा अजून कोरायचा होता. सगळ्यात तळाशी कांदे.

"मिळाला का देव?"

दारात मंगळीबाई उभी होती. रायसिंगच्या हातातून घोडा पडला.

"हे काय आहे?"

"बाहुल्या आहेत."

"बाहुल्या?"

"सारंगखेड्याच्या जत्रेला मारवाडी यायचे ना, बाहुल्यांचा खेळ करणारे? तिचा बाप तरुणपणी त्यांच्या पेट्या वाहायचा. त्यांचं बघून बघून शिकला आणि मग घरी पोरीला शिकवलं. कापणीच्या सणाला सुसाना खेळ करणार आहे. मडम त्याचा सिनेमा काढणार आहे."

"मग लपवते कशाला?"

"लपवते कुठं? तुम्ही स्वतः विचारलंत कधी?"

"मी कसा विचारणार?" रायसिंग ओरडला. "मी जेठ आहे!"

मंगळीबाईनं घोडा उचलून टोपलीत ठेवला आणि फडकं बांधलं.

पण संशय असा एका टोपलीनं फिटत नाही. बाहुल्या तर बाहुल्या, पण मडमला त्या हव्या कशाला? आणि त्या बिनचेहऱ्याच्या डोक्याला चेहरा कुणाचा येणार? रायसिंगनं पाळकांच्या कानावर घालावं असं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा वाटेतून परत आला. देव म्हणून सांगायला गेलो आणि बाहुल्या निघाल्या, तर पंचाचं काय राहिलं?

सणाची सकाळ उघडली ती लख्ख. मिशनच्या देवळासमोरच्या महूच्या झाडाखाली भाताच्या राशी, नागलीची टोपली, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. प्रार्थना झाली, गाणी झाली. मडमच्या पेटीला ऊन लागायचं, म्हणून खेळ झाडाच्या सावलीबाहेर मांडला होता. दोन खाटा उभ्या केल्या होत्या, त्यांना आडवी काळी घोंगडी बांधली होती. सुसाना घोंगडीमागं. समोर अख्खी मंडळी, पुढं पोरं, बायकांच्या घोळक्यात मंगळीबाई. रायसिंग मुद्दाम मागं उभा राहिला, म्हणजे मडम कशाचा सिनेमा काढते हे दिसेल.

पेटी घुं घुं करू लागली. राजा आला, मिशा फिरवून गेला. घोडा आला, राजाला पाडून गेला. लोक हसले. घोंगडीमागून आवाज येत होता तो घरातल्या मावची बोलीत, कधी जाड, कधी किनरा. जाड आवाज ऐकला आणि रायसिंगच्या लक्षात आलं, संध्याकाळी आलेला बाप्या हाच.

मग नवी बाहुली आली.

पांढरं मुंडासं. काखेत एवढीशी छत्री. मान पुढं काढलेली. दोन पावलं टाकायची, थांबायची, मागं बघायची, पुन्हा दोन पावलं. रायसिंगला कळायच्या आधी बायकांना कळलं. एक हसली, मग दुसरी, मग पदर तोंडात कोंबून सगळ्याच. मुंडासेवाला एका झोपडीच्या दारात आला, वाकला, टोपलीत तोंड घातलं.

"देव आहेस का रे आत? असलास तर ओ दे!"

टोपलीतून कांदा निघाला. मुंडासेवाल्यानं तो हुंगला आणि फटकन शिंकला.

मागून नथवाली बाई आली. तिनं पदर ओढला, तोंड फिरवलं. मुंडासेवाला दचकला आणि त्यानंही तोंड फिरवलं. दोघं पाठीला पाठ लावून उभी.

"मी तुझ्याशी बोलत नाही," जाड आवाज म्हणाला.

"मी तरी कुठं बोलते?"

"मग हे कोण बोलतंय?"

"लाकूड बोलतंय."

"लाकूड?"

"लाकडाला लाज नसते, जेठजी. तुम्ही लाकडाला विचारायचं होतं."

म्हातारी माणसं पोट धरून हसत होती. दोधू मास्तर तर सगळ्यांत मोठ्यानं, डोळे पुसत. मडम पेटीला डोळा लावून हसत होती, आणि पेटी चालूच होती. रायसिंगच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. आधी वाटलं, निघून जावं. मग वाटलं, ती पेटी उचलून दगडावर घालावी. पाय मात्र घोंगडीकडं वळले. लोकांचं हसू एकदम थांबलं.

तो घोंगडीमागं गेला.

सुसाना पालथ्या उखळीवर उभी होती, कमरेत वाकलेली. दोन्ही हातांची दहाही बोटं दोऱ्यांत गुंतलेली. पदर केव्हाच खांद्यावर आला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता. कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता. तिनं जेठाकडं पाहिलं, सरळ डोळ्यांत. हात थांबले नाहीत.

"थांबा," ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात. "एवढं संपू दे."

आणि रायसिंग थांबला. का थांबला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लाकडाची दोन माणसं त्या बोटांखाली वाकत होती, मान हलवत होती, आणि मागून पाहिलं तर ती खरोखर नुसतं लाकूड होती. डोळे पुढच्या बाजूला.

खेळ संपला. सुसाना खाली उतरली आणि पदराला हात घातला.

"राहू दे," रायसिंग म्हणाला. "मला एक सांग. हा सिनेमा मडम तिकडं नेणार. त्यात आवाज जातो का?"

"नाही म्हणाली ती. नुसतं दिसतं."

"मग तुझा कांदा नि तुझं बोलणं इथंच राहिलं. तिकडच्यांना काय दिसेल? लाकूड दिसेल. डोळे काढलेलं. आणि त्याच्यापुढं बसलेले आपण. काय म्हणतील?"

हे सुसानाच्या मनात आलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसलं.

"माझ्या आईचा फोटो असाच गेला," तो म्हणाला. "घोंगडी काढ. तुझे हात दिसू देत. माणूस हलवतंय हे कळू दे."

"नाही."

"का नाही?"

"बापानं कधी काढली नाही. हात दिसला की बाहुली मरते."

"आणि आपण मेलो तर चालतं?"

"तुम्ही नाही मरत. ती मरते," सुसाना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी चोरून काही करत नव्हते. तुम्हाला दिसावं म्हणून नदीवर बसत होते, वाटेवरून ओंडका आणत होते. तुम्ही झाडामागं!"

जेठ आणि भावजय बोलत होती, भांडत होती, आणि घोंगडीपुढं अख्खी मंडळी ऐकत होती. मंगळीबाईनं हळूच एका पोराच्या तोंडावर हात ठेवला, कारण ते 'आई, बघ' म्हणणार होतं.

रायसिंगनं बाहुलीकडं पाहिलं. छत्रीसुद्धा कोरली होती बाईनं. मग म्हणाला, "बरं. घोंगडी असू दे. याला परत वर काढ."

तो पुढं आला. आपली छत्री काखेत मारली, मुंडासं नीट केलं आणि खाटांच्या शेजारी, बाहुलीच्या अगदी जवळ उन्हात उभा राहिला.

"मडम, चालू करा."

पेटी घुमू लागली. बाहुलीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली करून बाहुलीकडं पाहिलं. बाहुलीनं मान पुढं काढली, त्यानंही काढली. ती दोन पावलं चालली, थांबली, मागं वळली. तोही चालला, थांबला, वळला. लोक आडवे पडून हसले, पाळकसुद्धा भोपळ्याला धरून हसले.

दोधू मास्तर नंतर जवळ आला. "पंच, तू सोतानीच नाचक्की करी लिधी!"

"करू दे," रायसिंग म्हणाला. "देवाला कुणी असं हसत नाही. बघणाऱ्याला कळेल."

फिल्म धुवायला मुंबईला गेली. रायसिंग दर रविवारी विचारायचा, आली का? नाही म्हटलं की त्याला वाटायचं, आली आहे, दाखवत नाहीत. किंवा माझा भाग कापलाय. किंवा थेट बोटीवर चढवलीय. मडम हसून म्हणायची, "पंच, धीर धरा." आणि हा धीर धरण्याऐवजी डाकवाल्याला गाठायचा.

ईस्टरच्या दिवशी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि भिंतीवर चादर ताणली. राजा आणि घोडा काळोखातच राहिले, तो भाग जळाला होता म्हणे. पण मुंडासेवाला दिसला, बाई दिसली. आवाज नव्हता, तर लोकांनी स्वतःच आवाज दिला. "देव आहेस का रे आत?" सगळी शाळा ओरडली. आणि मग चादरीवर रायसिंग आला. त्याला वाटलं होतं त्याहून म्हातारा, किडकिडीत. मान खरंच तशीच पुढं निघायची.

तो स्वतःला बघत असताना शेजारून सुसानाचा श्वास ओढल्याचा आवाज आला.

मडमनं शेवटच्या वेळी पेटी जरा उंचावर धरली असावी. घोंगडीच्या वरच्या काठावर, बाहुलीच्या वर, दोन हात दिसत होते. घामेजलेले, दोऱ्या ओढणारे दोन हात, मनगटापर्यंत.

उजेड झाल्यावर सुसाना भिंतीशी बसून राहिली. रायसिंगला जे हवं होतं ते झालं होतं, आणि त्याला त्याचा आनंद होईना. तो मडमकडं गेला.

"ते हात कापता येतील?"

"येतील. पण त्याच चित्रात तुम्ही आहात. तुम्हीही जाल."

रायसिंगनं सुसानाकडं पाहिलं. मंगळीबाईकडं नव्हे. "तू सांग."

सुसानानं आपल्या हातांकडं पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली. "बाप असता तर चिडला असता. पण राहू द्या."

मग रायसिंग मडमकडं वळला. "तिकडं आधी कुठल्या गावात दाखवणार?"

मडमनं नाव सांगितलं. त्याच्या जिभेला ते वळेना.

"तिथं पंच कोण?"

"आहे एक म्हातारा. फार चौकस."

"मग आधी त्याला एकट्याला दाखवा. तो काय विचारतो ते मला कळवा. कळवाल?"

मडम हो म्हणाली. ती खरंच कळवेल, असं काही त्याला वाटलं नाही.

घरी जाताना रायसिंग पुढं, मधे मंगळीबाई, मागं सुसाना. नाल्यापाशी आल्यावर मागून प्रश्न आला, मंगळीबाईच्या डोक्यावरून, सरळ जेठाला. "पुढच्या सणाला दोधू मास्तरची बाहुली करायची म्हणते. नाक कसं करू?"

रायसिंगनं सवयीनं मागं-पुढं पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"लांब ठेव," तो म्हणाला. "लांब ठेव आणि टोक जरा वळव. दारातून आत जाईल असं."

मंगळीबाई वाटेच्या कडेला सरली आणि तिनं सुसानाला पुढं जाऊ दिलं.